एका पानाचा स्वयंपाक



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा व्यासपीठांवर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय, समाजसुधारणा असे भारदस्त विषय मांडण्याचा प्रघात पडला आहे. त्या प्रघाताच्या ठिकाणी टोप, कढई आणि तांदळाची मापे घेऊन उभे राहणे काहींना थोडे विनोदी वाटेल. वाटल्यास आमची तक्रार नाही. मात्र येथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी आज रात्री एकच पान मांडले जाणार आहे, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा, म्हणजे हा विषय दिसतो तितका हलका नाही हे ध्यानी येईल. एकट्या माणसाने स्वतःपुरते काय, किती आणि कशात शिजवावे, हा आजचा आपला विषय.

पेण आणि रोहे ही दोन्ही गावे भाताच्या मुलखातली. येथे घर म्हटले की पंगत आलीच. दोन भाऊ, त्यांची मुले, एखादी आत्या, आलागेला पाहुणा आणि शेतीच्या दिवसांत कामाची माणसे, असा दहा-बारा पानांचा हिशेब रोजचाच असे. भांडीही त्या हिशेबाने घेतलेली. आजही एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहावे. दोघांनी धरून उतरवावा लागणारा पितळी टोप, वीस माणसांची आमटी मावेल असे पातेले, हातभर लांबीचा झारा हे सर्व तेथे उपडे घातलेले आढळते. खाली मात्र एकच माणूस राहत असतो.

एकट्याचे जेवण हा प्रश्न पूर्वी आपल्या गावांचा नव्हता; तो मुंबईचा होता. कोकणातला पुरुष नोकरीसाठी मुंबईस गेला, बिऱ्हाड गावीच राहिले, आणि मुंबईत त्याच्या पोटाची सोय लावणारी एक व्यवस्थाच उभी राहिली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले आणि त्यातून डबेवाल्यांची संघटना वाढली. गिरणगावात बायकांनी आपापल्या खोलीत खानावळी चालवल्या. त्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. म्हणजे घरापासून तुटलेल्या पुरुषाला जेवू घालण्याचा विचार आपल्या समाजाने केलेला आहे, आणि चांगला केलेला आहे.

आता पारडे फिरले. मुलगा आणि सून मुंबईस, पुण्यास किंवा त्याहून दूर स्थिरावली, आणि गावच्या घरात आई किंवा वडील, दोघांपैकी जे मागे राहिले ते एकटे राहिले. रोह्यास धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेला तरुण एका खोलीत राहतो. बदलीवर आलेली शिक्षिका, बँकेतला कारकून, तहसील कचेरीतला नोकर हे सारे शनिवारची गाडी पकडेपर्यंत एकटेच असतात. २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख भरली, शंभरात आठ-नऊ. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. या माणसांसाठी आपल्याकडे डबेवाल्यांसारखी जुनी व्यवस्था नाही, आणि घरातली भांडी तर त्यांच्या विरुद्धच उभी आहेत.

येथे कोणी म्हणेल, ‘एका माणसाचे ते काय! मूठभर तांदूळ टाकले की झाले.’ हे वाक्य ऐकावयास सोपे आहे. परंतु ते म्हणणाऱ्याने बहुधा मूठभर तांदूळ कधी टाकलेले नसतात.

प्रथम शब्दाचाच विचार करू. स्वयंपाक या शब्दाची फोड स्वयम् आणि पाक, म्हणजे स्वतः शिजवणे, अशी आहे. दुसऱ्याच्या हातचे न खाणाऱ्या माणसाला पूर्वी ‘स्वयंपाकी’ म्हणत. पुढे तोच शब्द दुसऱ्यासाठी रांधणाऱ्या आचाऱ्याला लागू झाला. तेव्हा आज आपण ज्याला घरादाराचा उद्योग समजतो, त्याच्या नावातच एकटा माणूस बसलेला आहे.

पण आपल्या परंपरेने एकट्याच्या जेवणाला नेहमीच मान दिला असे म्हणता येत नाही. पांढरपेशा घरांतून विधवा बाईने एकभुक्त राहावे, म्हणजे दिवसातून एकदाच जेवावे, अशी रूढी होती. ती बाई चुलीपाशी सर्वांसाठी राबे आणि तिच्या स्वतःच्या पोटाचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नसे. ती रूढी गेली. तिने मनात रुजवलेली एक समजूत मात्र पुरती गेलेली नाही. ‘आता एकटीसाठी कशाला?’ हे वाक्य पेणला आणि रोह्याला आपण सर्वांनी ऐकले आहे. ते बोलणारी बाई सकाळी चहाबरोबर खारी खाते, दुपारी कालचा भात ताकात कालवते आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणते. नवरा असताना तिने चाळीस वर्षे दोन्ही वेळ गरम वाढले. आज तेच हात चूल पेटवावयास तयार नाहीत, कारण समोर जेवणारे कोणी नाही. पुरुषाची तऱ्हा वेगळी. पत्नी गेल्यावर त्याला जेवावयाचे असते, पण भाताला पाणी किती घालतात हे त्याला पासष्टाव्या वर्षापर्यंत कोणी विचारलेलेच नसते. म्हणजे बाईला येते पण ती करीत नाही, आणि पुरुषाला करावयाचे असते पण येत नाही. दोघांचेही अंगबळ हळूहळू उतरते, आणि आपण म्हणतो, ‘वय झाले.’ वयाचा दोष त्यात थोडा असतो. वाढल्या न गेलेल्या ताटाचा बराच असतो.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे वळू. दहा माणसांच्या स्वयंपाकाला दहाने भागले की एकाचा स्वयंपाक निघत नाही. ही गोष्ट पेणच्या माणसाला समजावून सांगावयास नको. गणपतीच्या कारखान्यात वीतभर मूर्ती आणि पुरुषभर मूर्ती शेजारी शेजारी उभ्या असतात. पण मोठ्या मूर्तीचा साचा कापून कोणी लहान मूर्ती काढीत नाही. लहान मूर्तीला तिचा स्वतःचा साचा लागतो. बोटे, डोळे, आसन यांचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. एका पानाच्या स्वयंपाकालाही तसाच स्वतःचा साचा लागतो, एवढेच आमचे आजचे म्हणणे. बाकी सर्व त्याचा तपशील आहे.

भाताचे उदाहरण घ्या. समजा, दोन वाट्या तांदळाला आपण चार वाट्या पाणी घातले आणि शिजताना त्यातले एक वाटी पाणी वाफेने गेले. उरलेले तीन वाट्या पाणी दाण्याने प्यायले आणि भात मोकळा झाला. आता त्याच टोपात अर्धी वाटी तांदूळ घातले आणि भागाकाराने एक वाटी पाणी घातले, तर काय होईल? पाणी उडते ते भांड्याच्या तोंडाच्या आणि वेळेच्या मापाने. आत तांदूळ किती आहेत हे वाफेला ठाऊक नसते. तोंड तेवढेच, आणि दाणा शिजावयास वेळही जवळजवळ तेवढाच. म्हणजे पाऊण वाटी पाणी दाण्याला हवे असताना हाती उरणार फार थोडे. भात वर कच्चा आणि खाली करपलेला. दोन दिवस असे झाले की माणूस म्हणतो, एकट्याचा भात नीट होतच नाही. भात होतो; टोप चुकलेला असतो. अरुंद तोंडाचा, तळ जाड असलेला, घट्ट झाकणाचा लिटरभराचा टोप घ्या, आच मंद ठेवा, आणि पाणी मापापेक्षा चार चमचे अधिक घाला. तेवढ्याने काम भागते.

फोडणीचेही तसेच. मोठ्या कढईत एक चमचा तेल घातले की ते पसरून कागदासारखे पातळ होते. मोहरी त्यात बुडत नाही, नुसती भाजते. तडतडण्याआधी काळी पडते आणि हिंग-हळद जळून कडू होते. मग आपण तेल वाढवतो, आणि एका माणसाच्या वाटीभर आमटीत तीन चमचे तेल जाते. आपल्या आज्यांकडे यावर उपाय होता. तो म्हणजे फोडणीची लहान लोखंडी पळी किंवा कढले. खोलगट भांड्यात तेच एक चमचा तेल साचून राहते, चार दाणे मोहरी त्यात पोहते, आणि चुरचुरीत फोडणी आमटीवर ओतता येते. मोठ्या घरात हे कढले हाताशी असले तर असले. एकट्याच्या घरात ते पहिले भांडे समजावे.

पितळी भांड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना. पितळेच्या आतून कल्हई असते ती कथलाची, आणि कथील २३२ अंशांवर वितळते. भांड्यात पाणी किंवा भरपूर आमटी असते तोवर भय नाही. पण दोन चमचे तेल किंवा चार कांद्याच्या फोडी टाकून मोठे पितळी पातेले मोठ्या आचेवर ठेवले की उघडा तळ ती मर्यादा सहज ओलांडतो आणि कल्हई जाते. कल्हई गेलेल्या पितळेत चिंचेची किंवा आमसुलाची आमटी करणे बरे नव्हे. तेव्हा माळ्यावरची पितळेची भांडी गणपतीत आणि शिमग्यात मुले-नातवंडे येतील तेव्हा खुशाल उतरवावी. रोजच्या एका पानासाठी ती नकोत. त्यांना मोडीत घालण्याचीही घाई करू नये. दोन ठेवावी, कारण सण येतात आणि घर पुन्हा भरते.

मग एकट्याने ठेवावे तरी काय? आमची यादी लहान आहे. लिटरभराचा झाकणाचा टोप एक. वीतभर तोंडाची लोखंडी कढई एक. तिच्यात परतलेल्या पालेभाजीत थोडे लोह उतरते हा वरचा फायदा, मात्र आंबट पदार्थ तिच्यात ठेवून देऊ नयेत. भाकरीचा तवा एक. फोडणीचे कढले एक. दूध तापवावयास अर्ध्या लिटरचे भांडे एक. आणि कुकर. कुकर दीड-दोन लिटरचा मिळतो, तो उत्तम. परंतु घरात पाच लिटरचा असला तर नवा घेण्याची गरज नाही. त्याच्या तळाशी, सोबतच्या पत्रकात सांगितलेले किमान पाणी घालावे आणि आत लहान डबे एकावर एक ठेवावे. एकात भात, एकात डाळ, वरच्यात बटाटा किंवा भोपळ्याची फोड. एका आचेत सगळे जेवण होते. चूक होते ती अर्धी वाटी तांदूळ मोठ्या कुकरच्या तळाशी उघडे टाकले म्हणजे. लहान कुकर घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की भात-डाळ त्यात अर्ध्याच्या वर भरू नये. डाळ फेसाळते आणि शिटीचे तोंड धरते.

डब्यावर डबा रचून एका माणसाचे जेवण वाफवण्याची ही कल्पना जुनी आहे. बंगालमधील डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली ‘इकमिक’ नावाचा कुकर काढला. खाली कोळशाची लहान शेगडी, वर पाण्याचे नळकांडे आणि त्यात भात, डाळ, भाजी यांचे डबे. कोळसा पेटवून माणूस कामास निघून जाई आणि परत येऊन गरम जेवी. प्रवासी आणि बिऱ्हाडाशिवाय राहणारे नोकरदार यांच्यात तो लोकप्रिय झाला. एकट्या माणसासाठी भांडे मुद्दाम घडवावे असे एका डॉक्टराला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उपाशी माणसाला औषध लागू पडत नाही, हे डॉक्टरांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

भांड्यांनंतर मापाचा प्रश्न येतो. आपल्या जुन्या मापांत खंडी, मण, पायली, शेर एवढीच मापे आपल्याला आठवतात. पण ती शिडी पुष्कळ खाली उतरत असे. शेराच्या निम्मे मापटे, मापट्याच्या निम्मे चिपटे, चिपट्याच्या निम्मे कोळवे आणि कोळव्याच्या निम्मे निळवे. म्हणजे निळवे हे शेराचा सोळावा भाग. गावोगाव मापांत थोडा फरक असे, पण एका माणसाला पुरेल इतके लहान माप जुन्या फडताळात होते, यात संशय नाही. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि ही छोटी मापे खेळण्यांत गेली. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे घराघरांत रूढ केली. आज तीच आपल्या कामाची आहेत. मात्र घरातली एकच वाटी ठरवून घ्यावी. सुमारे दीडशे मिलिलिटरची वाटी घ्या, तिला खूण करा, आणि तिचे माप दुसऱ्या वाटीशी मिसळू नका. मोठ्या कुटुंबात अंदाज चुकला तर कमी-अधिक दहा पानांत वाटले जाते. एकट्याच्या पानात ते सगळे त्याच्याच वाट्याला येते. म्हणून ज्याच्या हाताला पन्नास वर्षांचा अंदाज आहे, त्यानेही एकट्यासाठी शिजवताना पहिले काही महिने मोजावे. तो अंदाज दहा माणसांचा असतो.

आता किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी नव्या सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्या जागी मांस-मासळी-अंडी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असा हिशेब आहे. उतारवयात धान्य थोडे कमी चालेल. डाळ, दूध, मासळी मात्र कमी करून चालत नाही, कारण स्नायू टिकतात ते त्यांवर. एकट्याच्या ताटात नेमके उलटे घडते. भात राहतो; डाळ, भाजी आणि दूध गळते.

हे आकडे आपल्या स्वयंपाकघरात आणू. पाऊणशे ग्रॅम तांदूळ म्हणजे आपल्या ठरलेल्या वाटीने अर्ध्या वाटीहून किंचित अधिक. त्याचा भात शिजून अडीच-तीनपट वजनाचा होतो, एका माणसाला एका वेळेस पोटभर. तांदळाचे पीठ एक वाटी सपाट, म्हणजे सुमारे नव्वद ग्रॅम. त्याला उकडीचे पाणीही एक वाटी. त्याच्या मध्यम दोन भाकऱ्या होतात. उकडीचे पाणी त्या लहान टोपातच उकळावे आणि उकळी फुटताच पीठ टाकावे. पसरट भांड्यात ते पीठ काढेपर्यंत आटून जाते आणि भाकरीला चिरा पडतात. आमटीसाठी डाळ तीस ग्रॅम, म्हणजे पोह्याचे सपाट दोन-अडीच मोठे चमचे. तिची भरली वाटी आमटी होते. घाईच्या सकाळी पेणचे पोहे आहेतच. साठ ग्रॅम पोह्यांची एक बशी होते. त्यांत मूठभर शेंगदाणे किंवा वाटाणे पडले की ती न्याहारी पुरती.

बाजाराचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण बाजार कुटुंबासाठी मांडलेला असतो. आपल्याकडे भाजी आणि मासळी वाट्यावर मिळते. एक वाटा म्हणजे चार माणसांचे कालवण. एकट्याने तो घ्यावा तर तीन दिवस तेच खावे, न घ्यावा तर हात हलवीत परतावे. यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे अर्धा वाटा मागणे. त्यात कमीपणा काही नाही. ओळखीची कोळीण देते, आणि मागणारे वाढले की इतरही देऊ लागतील. दुसरी वाट अशी की घेतलेल्या एका वस्तूचे दोन निरनिराळे पदार्थ आधीच मनाशी ठरवणे. कडव्या वालांचे उदाहरण घ्या. अर्धी वाटी वाल भिजवून मोड आणले की दुपटीहून अधिक होतात. सोलावयाचे श्रम एकदाच. त्यांतल्या निम्म्यांचे आज बिरडे करावे, निम्मे फ्रिजमध्ये ठेवून परवा वालाची खिचडी करावी. जीभही कंटाळत नाही आणि बोटेही. ओल्या खोबऱ्याचे वाटण एका नारळाचे करून लहान लहान डब्यांत बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे रोज पाव नारळ फोडावयाचा कोठून ही अडचण जाते. सुकट आणि सुके बोंबील तर एकट्या माणसाचे जुने मित्र. हवे तेवढे मोजून काढता येतात.

उरलेल्या भाताविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. भातात ‘बॅसिलस सेरियस’ नावाचा जिवाणू असतो. त्याची बीजे शिजवण्याने मरत नाहीत. आपल्या दमट हवेत भात रात्रभर बाहेर राहिला तर ती वाढतात, आणि त्यांनी केलेले विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होईल याची खात्री नसते. म्हणून एकट्याने दोन वेळचा भात एकदम करावयाचा असल्यास अर्धा भात निवताच, फार तर दोन तासांत, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून किंवा फोडणीस टाकून खावा. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल, तर एका वेळेपुरताच शिजवणे हाच मार्ग. लहान टोप असला म्हणजे ते अवघड जात नाही.

आमच्या या सर्व सांगण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा डबा लावावा! ज्याचे हात थरथरतात, ज्याला गॅस बंद केल्याचे आठवत नाही, त्याने अवश्य लावावा. तेथे अभिमान नको. परंतु ज्याला झेपते त्याने दोन्ही वेळा डब्यावर सोपवू नये असे आम्हांस वाटते. डब्यातले मीठ-तिखट, तेल आणि वेळ दुसऱ्याच्या हाती असते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याला हे सोसत नाही. शिवाय आज काय करावे हे ठरवणे, बाजारात दोन माणसांशी बोलणे, कढल्यात मोहरी तडतडताना जवळ उभे राहणे, यानेही दिवसाला आकार येतो. एकट्याच्या दिवसाला त्याची गरज इतरांहून अधिक.

आणि यात शेजाराचाही भाग आहे. शेजारणीने भरून पाठवलेली वाटी रिकामी परत करू नये, हा आपल्याकडचा जुना नियम. एका आळीत दोन एकटी घरे असतील तर एकीने बिरडे करावे आणि दुसरीने भाकऱ्या. दोन पानांचा स्वयंपाक एका पानाच्या स्वयंपाकापेक्षा सोपा असतो, हे वर सांगितलेल्या वाफेच्या हिशेबावरूनच सिद्ध होते. धाटावच्या खोल्यांतील तरुणांनाही हे सहज जमण्याजोगे आहे. आज एकाने कुकर लावावा, उद्या दुसऱ्याने.

मुंबईत आणि पुण्यात राहणाऱ्या मुलामुलींना आमचे एक सांगणे आहे. आपण गावी येता तेव्हा आईसाठी साडी आणता, वडिलांसाठी फोन आणता. पुढच्या वेळी एक लिटरभराचा जाड बुडाचा टोप आणा आणि एक लहान कढले आणा. आणि निघण्यापूर्वी एकदा वडिलांना शेजारी उभे करून भात लावून दाखवा. फोनवर ‘जेवलीस का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘आज काय केलेस?’ असे विचारा. या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागते.

शाळांनाही एक विनंती आहे. दहावीपर्यंत मुलाला आणि मुलीला दोघांनाही एका माणसाचा वरण-भात आणि एक भाजी करता आली पाहिजे, असा नियम घरोघर झाला तर पुढच्या पिढीतला पासष्ट वर्षांचा पुरुष आजच्यासारखा चुलीपुढे परका उभा राहणार नाही. त्याला कोणाच्या उपकारावर जगावे लागणार नाही, आणि त्याच्या आधी त्याची पत्नीही थोडी मोकळी होईल.

पंगतीत आग्रह करून वाढणारे कोणीतरी असते. एकट्याला ते काम स्वतःच करावे लागते. तेव्हा जे एकटे आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर ताट घ्यावे, पातेल्यातून उभ्याने खाऊ नये, आणि वाटीने मोजून का होईना, वरण, भात, भाजी आपल्या पानात वाढून घ्यावी. जे एकटे नाहीत त्यांनी शेजारच्या घरात दिवा आहे की नाही याबरोबर चूल पेटली की नाही याचीही चौकशी ठेवावी.

जेवणाची वेळ झाली आहे. अधिक बोलून आपणांस उपाशी ठेवणे आजच्या विषयाला शोभणार नाही.